ई-आधारवर पिवळं प्रश्नचिन्ह, बँक घेत नाहीये

सांगलीकर: आईच्या लोनसाठी ई-आधार डाऊनलोड केलं तर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह आणि व्हॅलिडिटी अननोन येतंय, बँकवाले म्हणतात हिरवी टिक असलेलीच कॉपी आणा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पासवर्ड काढून एक कॉपी दिली, पण तिच्यात सहीवर क्लिक केलं तर काहीच होत नाही. काय करू?

बायनरी_बंड्या: घाबरू नका, प्रश्नचिन्ह म्हणजे आधार खोटं असं नाही. सही यूआयडीएआयची (आधार देणारी संस्था) दिसतेय पण तिच्यामागचा सीसीए इंडियाचा (डिजिटल सह्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) रूट, म्हणजे सगळ्यात वरचं मूळ सर्टिफिकेट, माझ्या यादीत नाही, एवढंच अ‍ॅडोबी रीडर म्हणतोय. सहीवर राईट क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट, ट्रस्ट टॅबमध्ये अ‍ॅड टू ट्रस्टेड, मग व्हॅलिडेट. कॉम्प्युटरवरच करा, क्रोममध्ये उघडून उपयोग नाही. झेरॉक्सवाल्याने प्रिंट टू पीडीएफ मारलं असणार, त्यात सही जाते आणि नुसतं तिचं चित्र उरतं.

कुतूहल: अरे बंड्या, लोकांना डोळे झाकून अ‍ॅड करायला सांगू नकोस. उद्या कुणी घरबसल्या यूआयडीएआय नावाचं सर्टिफिकेट बनवून सही ठोकली तर तीही अशीच हिरवी होईल की! आधी सर्टिफिकेटच्या खिडकीत डावीकडची सर्टिफिकेटांची साखळी बघायची, सगळ्यात वर सीसीए इंडिया आहे का. रूट सीसीएच्या साईटवरून घ्यायचा, थंबप्रिंट (सर्टिफिकेटची ओळख पटवणारा कोड) जुळवायचा आणि ट्रस्ट त्या रूटला द्यायचा. आणि सांगलीकर, तुमच्याकडे हिरवी झाली तरी फाईल आहे तशीच राहते, बँकेच्या मशीनवर परत पिवळंच दिसणार.

सांगलीकर: म्हणजे हे बँकेतच कुणीतरी करायला हवं?? तिथला साहेब तर कलर प्रिंट मागतोय 😀

बायनरी_बंड्या: कुतूहलचं बरोबर आहे, रूटवालंच करा. कलर प्रिंटमधल्या टिकेने काही सिद्ध होत नाही, ती कुणीही फोटोशॉपमध्ये काढेल. साहेबाला कागदच हवा असेल तर त्यावरचा क्यूआर आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करायला सांगा, त्यातल्या डेटावरही यूआयडीएआयची डिजिटल सही असते, प्रिंट काळीपांढरी असली तरी चालतं.

अक्का: झेरॉक्सवाल्याच्या डाऊनलोड्समध्ये ती बिनपासवर्डची फाईल अजून पडली असेल, समोर उभं राहून डिलीट करून घ्या, रिसायकल बिनमधूनही. तसाही पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ अक्षरं आणि जन्मसाल, गल्लीतलं कुणीही ओळखेल. जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे मास्क्ड आधार द्या, शेवटचे ४ आकडेच दिसतात.