प्रश्न आमदारांचा की मतदारयादीचा?
शिक्षक आमदार, म्हणजे शिक्षकांच्या मतांवर विधान परिषदेत गेलेले, नुसतं पगार-पेन्शनचंच बोलतात, पोरांच्या शिक्षणाचं कुणी काढत नाही, हा नेहमीचा आक्षेप बराचसा पटतो. पण खोट मतदारयादीत आहे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेच्या ७८ पैकी ७ जागा शिक्षकांच्या. मत कुणाला, तर माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या ६ वर्षांत किमान ३ वर्षं शिकवलेल्यांना. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या पोराचा हात धरून ‘क’ गिरवून घेणाऱ्या बाईंना या जागेसाठी मतच नाही! मग चौथीतल्या मुलाला धड वाचता येत नाही, हे सभागृहात लावून कोण धरणार? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नाकारलेली जुनी पेन्शन, अंशतः अनुदानित शाळांना (जिथं सरकार पगाराचा काही हिस्साच देतं) मिळणारा अनुदानाचा पुढचा टप्पा, मतं फिरतात ती यावर. अर्थात दहा-बारा वर्षं बिनपगारी शिकवून संध्याकाळी शिकवण्या घेणाऱ्याला हे प्रश्न किरकोळ वाटणार नाहीत, मलाही वाटत नाहीत.

आणि उमेदवार स्वतः मास्तरच हवा असंही नाही. कपिल पाटील पत्रकारितेतून आले आणि २००६ पासून तीनदा मुंबईतून निवडून गेले. प्राथमिकच्या शिक्षकांना मत द्यायचं तर घटनेच्या कलम १७१ मधली ही अट बदलावी लागेल, आणि ते संसदेच्या हातात.