मारिओच्या रिमिक्सले मी १० पैकी ४ दिले, आता गावात तोंड दाखवाची सोय नाई. तुमीच सांगा चुकलो का?

वावरातला_वायरमन
आमच्या देवी मंडळानं यंदा पोट्ट्यांसाठी रिमिक्सची स्पर्धा ठेवली अन् मले जज केलं, का तं मी टीव्ही रिपेर करतो अन् लहानपणी पूर्‍या गावात कॅसेटवाला गेम माह्याच घरी होता. एवढंच क्वालिफिकेशन. माह्या मामेभावानं मारिओच्या पयल्या गेमचं, १९८५ वालं, म्युझिक घेऊन ४ मिनिटं २० सेकंदाचं रिमिक्स बनवलं, १६० च्या बीटवर. विसर्जनाच्या गाडीवर वाजलं तं पोट्टे येडे झाले. मी दिले ४.

आता काहून ते आयका. सुरुवात एक नंबर हाये, पयले ते ओळखीचे सूर तसेच साधे, जुन्या टीव्हीतून आल्यासारखे, मागं बारीक गुणगुण बी ठेवली त्यानं. मंग पाइपात उतराचा आवाज अन् धाडकन बेस. इथपर्यंत अंगावर काटा. पण मंग येते ते जमिनीखालचं म्युझिक, १-२ लेवलवालं. ते आठवा जरा. खालचा सूर, लगेच तोच सूर वरच्या पट्टीत, अशा तीन जोड्या, अन् मंग गप. पुन्हा तेच, पुन्हा गप. त्या गप बसण्यातच तं सारी मजा होती ना बे, अंधारात पुढं काय येते म्हणून आपण श्वास धरून बसो. यानं त्या रिकाम्या जागेत ढोलाची धडधड, म्हणजे किक भरली, सायरन भरला, वरून कोणाचं तरी 'हेऽऽय' भरलं. आणि शेवटी स्टार भेटल्यावर वाजते ते म्युझिक, जे आधीच पळते, त्याले आणखी पळवलं तं कोंबडीच्या पिलासारखं चिवचिव वाजाले लागलं.

जोर म्हणजे नुसती स्पीड नाई, असं माह्यं मत. बोला.

धुमाल_कीबोर्ड
४?? भाऊ तू जज हायेस का कापूस सेंटरवरचा ग्रेडर, हात घातला की ओल हाये म्हणून भाव पाडते. गाडीसमोर २०० पोट्टे नाचून रायले होते, म्हाताऱ्या ओट्यावर येऊन पाहून रायल्या होत्या, याच्यापेक्षा मोठा जज कोण? मी बारा वर्षं झाले धुमालमधी, म्हणजे आपल्याकडच्या मिरवणुकीच्या बँडमधी, कीबोर्ड वाजवतो, रिकामी जागा ठेवली ना तं नाचणारा माणूस उभा रायते, अन् एकदा उभा रायला का तो पानटपरीकडे जाते. आणखी एक, तुह्या त्या १४ इंची टीव्हीच्या डबड्या स्पीकरमधून खालचा सूर तुले कधी नीट आयकू तरी आला काय? १८ इंची बॉक्सवर तो पयल्यांदा पोटात वाजला. म्हणे गप बसण्यात मजा. गप बसाचं असन तं घरी बस.

पुण्यात_अडकलेला_वणीकर
मी वायरमनच्या बाजूनं आहे, पण कारण वेगळं. त्या जुन्या मशीनच्या चिपमध्ये आवाजाचे फक्त ५ रस्ते होते. दोन चौकोनी लहरीचे, ते चाल वाजवायचे, एक त्रिकोणी लहरीचा, तो बहुतेक बेससाठी आणि त्याला आवाज कमी-जास्त करायची सोयच नव्हती, एकतर चालू नाहीतर बंद. एक नुसत्या खरखरीचा, त्यातून ढोल-झांजा काढायच्या, आणि एक छोट्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांसाठी. त्यात मारिओनं उडी मारली की उडीचा आवाज त्यातलाच एक रस्ता घ्यायचा, म्हणजे तेवढ्यापुरता गाण्यातला एक सूर गायब, आणि आपल्याला कधी कळलंही नाही. एवढ्या कोंडीत गेमचा संगीतकार कोजी कोंडोनं ते काम केलंय. तुमच्या मामेभावाची फाईल मी उघडून पाहिली, लहर कुठे वर-खाली होतच नाही, सरळ वीट दिसते, सगळा आवाज दाबून दाबून छताला लावलेला.

आणि स्पीडचं म्हणाल तर मूळ गेममध्येच स्पीड वाढायची की. घड्याळ १०० च्या खाली गेलं की एक इशारा वाजायचा आणि तीच चाल धावत सुटायची, हाताला घाम यायचा. ती धाव लागायची कारण आधी चालत होतो. हा पठ्ठ्या पहिल्या मिनिटापासून १६० वर, मग शेवटी जाणार कुठं?

धुमाल_कीबोर्ड
वणीकर दादा, वीट म्हणता तं वीट. डीजेच्या गाडीवर जनरेटर चालते बाजूले, फटाके फुटते, तिथं बारीक आवाज कोणाच्या बापाले आयकू येत नाई. ती फाईल हेडफोनसाठी नाई बनली.

मास्तरीण_दारव्हा
मला एक सांगा, तुम्ही मार्क गाण्याला देऊन राहिले का आपल्या लहानपणाला? माझ्या वर्गातल्या पोरांना ही चाल पाठ आहे, पण गेम एकानंही खेळला नाही, रीलमधून आली त्यांच्याकडे. त्यांच्या डोक्यात पाइप नाही, अंधार नाही. आणि चाल उचलून दुसरीकडे बसवणं आपल्याकडे नवीन आहे का? आमच्या गावचं खंजिरी भजन मंडळ सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणते, म्हातारे डोळे मिटून डोलतात, तिथं कोणी म्हणत नाही की मूळ गाण्यात इथं थांबा होता. मान्य, मारिओच्या त्या मुख्य चालीला २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत घेतलं, गेमच्या म्युझिकमधून पहिलीच ती. पण म्हणून तिला सोवळ्यात ठेवायचं का?

सायरन मात्र मलाही नाही आवडला, तो प्रत्येकच गाण्यात असते आजकाल.

वावरातला_वायरमन
मॅडम सोवळं कोण पाळून रायलं. मी तं म्हणतो मोडा ना, पण काय मोडून रायलो ते ठाऊक पाह्यजे. ते म्युझिक एकदा आयकासाठी बनलंच नोतं, त्याच लेवलवर वीस वेळा मेलो तरी वीस वेळा तेच वाजे अन् तरी कान किटत नोते. आमच्याकडे लाइन जाये, दोन तासांनं येये, कॅसेट काढून फुंकर माराची अन् पुन्हा तेच. भजन मंडळवाले चाल घेते पण ठेका आपला टाकते, शब्द आपले टाकते. यानं आपलं काय टाकलं? पुण्या-मुंबईच्या पॅकमधला तयार किक अन् तोच 'हेऽऽय'. त्याच्यापेक्षा धुमालचा ठेका टाकला असता तं मी ८ दिले असते, देवाशपथ.

कोरडवाहू_३एकर
मी तुह्याच गावचा हाओ, नाव नाई सांगत. तुह्या घरी गेम होता, आम्ही खिडकीतून पायचो. आत घेत नसे तुही आजी, पायाले चिखल हाये म्हणे. काच बंद राये, आवाज बाहेर येत नसे. उडी मारणारा माणूस पाह्यला, आवाज नाई आयकला. ते म्युझिक पूरं मी पयल्यांदा आयकलं यंदा, गाडीवर, वयाच्या ३६ व्या वर्षी. माह्यासाठी हेच ओरिजनल हाये. मी नाचलो बी.

वावरातला_वायरमन
बाप्पा. याले काय उत्तर देऊ.
आजीचं खरं हाये. आम्हाले बी पाय धुवाले लावे.

पुण्यात_अडकलेला_वणीकर
खिडकीवाल्या भाऊंचं वाचून दोन मिनिटं गप बसलो. तरीपण शेवटचं स्टारचं म्युझिक चिवचिवच करते, ते काही मी सोडणार नाही.

१६०_ची_स्पीड
मीच तो मामेभाऊ. दादा सगळं वाचलं. तुले वाटते मले ती रिकामी जागा माहीत नोती? पयली फाईल मी तशीच बनवली होती, सूर, गप, सूर, गप, नुसता बेस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात एका गाडीवर वाजवली. पयला गप आला अन् जनरेटरवाला धावत आला, त्याले वाटलं लाइन गेली. त्यानं वायर काढली, पुन्हा लावली, तोवर दुसरा गप आला. मंग ऑपरेटरनं मलेच चार शब्द आयकवले अन् दुसरं गाणं लावलं. त्याच रात्री बसून किक भरली. सायरन दोस्तानं टाकला, तो मले बी नाई पटत. धुमालचा ठेका मात्र डोक्यात नाई आला, हे खरं.

धुमाल_कीबोर्ड
😂😂 जनरेटरवाला. म्हटलं होतं ना मी. बरं पोट्ट्या, ठेका पाह्यजे असन तं शनिवारी ऑक्टोपॅड घेऊन येतो, पैसे नको, चहा पाज.

वावरातला_वायरमन
पयली फाईल हाये का अजून, का उडवली?

१६०_ची_स्पीड
हाये. पेनड्राइव्हमधी.

मास्तरीण_दारव्हा
मग मार्क किती आता, परीक्षक साहेब?

वावरातला_वायरमन
थांबा मॅडम, आधी ते गप आयकू द्या. रात्री दहानंतर, हेडफोन लावून.