'ब्राव्हो टू झीरो' कुठल्या कपाटात ठेवू?

तेरणाकाठ: औशाकडच्या आमच्या गावात मी वाचनालय सांभाळतो. पहाटे पळणारी भरतीची पोरं संध्याकाळी इथं बसतात. एकानं पुण्याहून ब्रिटिश सैनिक अँडी मॅकनॅबचं 'ब्राव्हो टू झीरो' हे युद्धाच्या आठवणींचं पुस्तक आणलं. रोज दहा पानं मी मराठीत सांगतो. माणूस विलक्षण. तान्हेपणी लंडनच्या गाईज हॉस्पिटलबाहेर पिशवीत सापडला, शाळेत रमला नाही, सोळाव्या वर्षी फौजेत गेला आणि धड वाचायला शिकला तो तिथंच. पुढं एसएएस, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या खास पलटणीत कमांडो. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धात, याच्यासह आठ जण इराकमध्ये उतरले. तिघं मेले, चौघं शत्रूच्या हाती सापडले (त्यात हा), एकटा चालत सीरियात पोचला. १९९३ ला पुस्तक आलं. त्यात मोठी लढाई आहे, मारलेल्या शत्रूंचा मोठा आकडा आहे. लेखकाचं नावही टोपण.

पण मायकेल ॲशर नावाचा लेखक, स्वतः माजी पॅराट्रूपर (छत्रीनं उडी मारणारा सैनिक), तिथं जाऊन आला. तिथले बेदूइन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, म्हणाले, एवढी मोठी लढाई इथं झालीच नाही. २००२ ला त्यानं तेच छापलं. मग चरित्रांच्या कपाटात हे कशाला? कादंबऱ्यांत टाकावं म्हणतो.

माजी हवालदार, उदगीर: गुरुजी, गोळ्या चालू असताना मोजत कोण बसतंय? आणि ॲशर गेला तवा गादीवर सद्दामच होता. त्याच्या राज्यात इंग्रजाच्या बाजूनं कोण बोलणार? रेडिओची फ्रिक्वेन्सी चुकीची मिळाली, वाळवंटात बर्फ पडलं, तिघांतले दोघं गारठून गेले. हे कुणी खोटं म्हणायलंय का? तुम्ही घरात बसून हिशेब तपासायलात.

परभणीची ताई: मामा, आकडा सोडा हो. सीरियात पोचलेल्या क्रिस रायननं १९९५ ला आपलं पुस्तक काढलं. त्यात त्या तिघांतला विन्स फिलिप्स लेचापेचा दाखवला. घरच्यांना किती लागलं असेल! लिहिणारे दोघंही टोपणनावाआड, अन् मेलेला तेवढा खऱ्या नावानं. हे कसलं शौर्य?

बीडकर: कादंबऱ्यांतच ठेवा गुरुजी, तिथं हात जास्त लागतात 😄

माजी हवालदार, उदगीर: ताई, तेवढं मानलं. आमच्या पलटणीत गेलेल्याबद्दल वाकडं बोललं तर जेवणाच्या रांगेत शेजारी कुणी उभं राहत नव्हतं. तिकडंही १९९६ पासून करार करून घेतात, परवानगीबिगर लिहायचं नाही. पण सगळ्यांनीच तोंड शिवलं तर काय उरतं? आपली २ पॅरा ही छत्रीधारी पलटण म्हणजे मूळची ३ मराठा. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या लढाईत, टांगाईलला विमानातून उडी मारली. त्यातल्या साध्या शिपायानं लिहिलेलं एक पान तरी तुमच्या कपाटात हाय का?

नांदेडचा मास्तर: मॅकनॅबला २०१७ ला सीबीई हा ब्रिटिश किताब मिळाला तो साक्षरतेच्या कामासाठी. तुरुंगांत जाऊन 'वाचा' म्हणून सांगतो. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकाला हा माणूस कळेल, लढाई खरी असो नसो.

तेरणाकाठ: मामा, नाही, एकही पान नाही. पुस्तक सध्या टेबलावरच ठेवलंय. रायनचं कुणाकडं असेल तर पाठवा, पोस्टाचा खर्च वाचनालय देईल. अन् मामा, दिवाळीनंतर इकडं या. तुम्ही बोला, मी लिहून घेतो.