प्रतिसाद : डब्यावरचा आकडा आणि लीडरवरची ओळख

वर कोणीतरी म्हटलंय की चित्रपटाच्या फिल्मच्या डब्यावर रीळ क्रमांक असला की झालं, लीडरवरच्या (रिळाच्या दोन्ही टोकांना जोडलेल्या जादा पट्टीवरच्या) ओळख-फ्रेम कोण बघतो? अहो, डबे बदलतात! रीळ ३ च्या डब्यात रीळ ५ निघालेलं मी स्वतः पाहिलंय. अशा वेळी सुरुवातीचा हातभर तुकडा उलगडून उजेडासमोर धरायचा : चित्रपटाचं नाव, भाग क्रमांक, हे ‘हेड’ (सुरुवात) की ‘टेल’ (शेवट), सगळं त्या दोन-चार फ्रेममध्ये मिळतं. प्रोजेक्टरवर चढवायची गरजच नाही. शेवटाकडची ओळखही तितकीच कामाची, कारण बरीच रिळं पुन्हा सुरुवातीपासून न गुंडाळता, शेवटचं टोक बाहेर ठेवूनच परत येतात.

एक गंमत सांगतो. जुन्या अकॅडमी लीडरवर (अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने ठरवलेल्या नमुन्याच्या लीडरवर) ११ पासून ३ पर्यंत उतरत्या क्रमाने आकडे येतात. ते सेकंद नव्हेत, फूट, म्हणजे फिल्मची लांबी. ३५ मिमी फिल्मला फुटात १६ फ्रेम. त्यात ६ आणि ९ मात्र अक्षरांत, ‘सिक्स’, ‘नाइन’, कारण फिल्म उलटी धरली की ६ चा ९ होतो. किती साधा विचार!

खरा घोळ प्लॅटरमुळे (अख्खा चित्रपट एकत्र गुंडाळून चालवायच्या मोठ्या आडव्या तबकडीमुळे) व्हायचा. सगळी रिळं सलग जोडताना लीडर-टेल कापून बाजूला ठेवायचे आणि परत पाठवताना घाईत भलत्याच रिळाला चिकटवायचे. म्हणून ओळख-फ्रेमवरही डोळे मिटून विश्वास नको. सांधा दिसला की पुढचं चित्रही तपासा.