साडेचार वर्षांचा मुलगा, शाळेने "तपासून आणा" म्हटलंय, सोलापुरात सुरुवात कुठून करू?

पूर्वभागची_आई:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा ज्युनिअर केजीत आहे. मोजकेच शब्द बोलतो, दहा हाका मारल्या तर दोनदा बघतो. वर्गात बसत नाही, मागच्या आठवड्यात एका मुलीला चावला, मग मॅडमनी डायरीत लिहून दिलं, सायकॉलॉजिस्टला दाखवा. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, त्यामुळे सासूबाई म्हणायलेत की तीन भाषांत पोराचा गोंधळ झालाय, बाप पण उशिराच बोलला होता. मिस्टर म्हणतात एकदा कागदावर काही लिहून आलं की जन्माचा शिक्का. घराला लागूनच लूम (यंत्रमाग) आहेत, तिथल्या सुताच्या रिकाम्या कांड्या आणून तासन् तास रंगाप्रमाणे ओळीत लावतो आणि एक जरी हलवली तर लोळून रडतो. तपासणीत नक्की काय करतात? लगेच गोळ्या चालू करतात का? रात्र रात्र झोप नाही.

होटगीरोडकर:
ताई, सगळ्यात आधी कान. आमचं पण लूमवालंच घर, खटखटाटात सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे पोरगी हाकेला वळत नाही हे कुणाला वेगळं वाटलंच नाही. शेवटी ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे ऐकू येतं का ते तपासणाऱ्यांनी, बेरा नावाची ऐकण्याची टेस्ट केली, मुलाला झोपवून डोक्याला छोटे इलेक्ट्रोड लावतात, दुखत नाही. पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. त्याच्याआधी एका ठिकाणी दहा मिनिटं बघून ऑटिझम (स्वमग्नता) म्हणून सांगितलं होतं आणि सहा महिन्यांच्या थेरपीचे पैसे ॲडव्हान्स मागितले होते. तुमच्याकडे कानाचंच असेल असं नाही, पण ते बघितल्याशिवाय पुढचं कुणाचंच ऐकू नका.

खेळघर_स्पेशल_एज्युकेटर:
वरच्या दादांशी सहमत. आणि सासूबाईंना नक्की सांगा, दोन-तीन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही. सोलापुरात बरीच पोरं अशीच वाढतात. तेलुगू बंद करू नका, ज्या भाषेत तुम्ही त्याला लाडाने बोलता तीच त्याची पहिली भाषा. उलट तपासणाऱ्याला आधीच सांगा की हा तेलुगू समजतो, नाहीतर मराठीत विचारलेलं कळलं नाही म्हणून मार्क कमी पडतात आणि ते बुद्धीच्या खात्यात जातात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का ते विचारा, विचारायला लाजू नका. पहिला तास बहुतेक तुमच्याशीच बोलण्यात जातो, गरोदरपण, जन्म झाल्यावर रडला का, कधी बसला, फिट आल्या का, हाताने जेवतो का, शी-शूचं सांगतो का. मग त्याला खेळू देतात आणि बघतात. न बोलणाऱ्या मुलांना लाकडी फॉर्मबोर्ड देतात, दहा आकार आपापल्या खाचेत बसवायचे, तीनदा, वेळ लावून. ऑटिझमचा संशय असेल तर आयएसएए म्हणून ऑटिझम मोजायचा ४० मुद्द्यांचा भारतीय तक्ता भरतात. नुसत्या कांड्या ओळीत लावण्यावरून कुणी काही ठरवत नाही, ठरवू पण नये.

गोळ्यांचं: ऑटिझमच्या मूळ अडचणींवर औषध नाही, झोप किंवा फार आक्रमकपणा असेल तेव्हा डॉक्टर विचार करतात. चंचलपणा असला तरी सहा वर्षांच्या आत आधी आईवडिलांना शिकवणं हाच उपाय. स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं आणि हालचाली शिकवणारी) आणि घरी रोज थोडं थोडं काम, मेहनत बरीच तुमचीच आहे. चावण्याची एक वही करा, आधी काय झालं, चावला, मग त्याला काय मिळालं. पंधरा दिवसांत काहीतरी दिसायला लागतं.

खर्चाचं टेन्शन असेल तर सिव्हिलला बालरोग ओपीडीत डीईआयसीची (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणारं जिल्ह्याचं सरकारी केंद्र) चौकशी करा, आरबीएसके या सरकारी बालआरोग्य योजनेत ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी मोफत आहे.

एका_मुलाचा_बाप:
ताई, तुमच्या मिस्टरांसाठी लिहितोय. मी पण शिक्क्याला भिऊन दोन वर्षं थांबलो, आणि त्या दोन वर्षांत वर्गातल्या पोरांनी माझ्या मुलाला वेडा म्हणून हाक मारायला सुरुवात केली. रिपोर्ट तुमच्या हातात राहतो, शाळेला काय दाखवायचं ते तुम्ही ठरवता. अपंगत्वाचा दाखला वेगळा, तो तुम्ही अर्ज केला तरच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम पण आहे आणि लर्निंग डिसॅबिलिटी (लिहिण्या-वाचण्यातली अडचण) पण, त्यामुळे पुढे परीक्षेत सवलत लागली तर तो कागद कामाला येतो.

पूर्वभागची_आई:
मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले सोमवारी लूमला सुट्टी टाकतो, आधी कान दाखवू. त्याला काय सांगून नेऊ? पांढरा कोट बघितला की रडतो.

खेळघर_स्पेशल_एज्युकेटर:
खरं तेच सांगा, तेलुगूत, सुई टोचणार नाहीत म्हणून. आणि पिशवीत त्याच्या आठ-दहा कांड्या टाका.