मदत हवी आहे: खारकेची बी दगडासारखी, तरी खारीक आठळीचं फळ का नाही?

लेक आठवीत आहे. फळांच्या प्रकारांचा तक्ता करायचा होता. भाच्याच्या बोरन्हाणातली उरलेली बोरं समोरच होती, म्हणून मी शहाणपणा केला: "ज्यात दगडासारखी बी, ते आठळीचं फळ. कर यादी." तिनं बोर, आंबा, खारीक, चिकू लिहिलं. द्राक्षं मृदुफळांत टाकली, नाशिकमध्ये राहून ती सुटणार कशी! बाईंनी खारीक आणि चिकूवर फुली मारली आणि खाली शेरा दिला, "नारळ राहिला."

नारळ?

रात्री बत्त्यानं बोराची आठळी फोडली तर आत दोन चपट्या तपकिरी बिया. मग मी इतकी वर्षं ज्याला बी म्हणत होतो ते काय होतं? कुणी साध्या मराठीत सांगेल का? बाईंकडे सोमवारी जायचंय.

निंबोळी:
फोडलीत ते बरं केलंत. फुलातल्या अंडाशयाची भिंत वाढून फळाची भिंत होते. तिचे थर तीन: बाह्यकवच, मध्यकवच, अंतःकवच. बोरात साल, गर आणि आठळी. म्हणजे आठळी ही फळाचीच सर्वांत आतली भिंत, बी तिच्या पोटात. आंब्याची कोयही तशीच, उकलून पाहा, खरी बी आत असते. (आमच्याकडे कोकणात आठळी म्हणजे फणसाची बी, तो गोंधळ आणखी वेगळा.)

खारकेत अंतःकवच म्हणजे बीला लागून असलेला नुसता पापुद्रा. कडकपणा बीचा स्वतःचा, रोपासाठी साठवलेलं अन्नच टणक झालेलं असतं. चिकूत बीचं टरफल कडक. म्हणून ही दोन्ही द्राक्षाच्या रांगेत.

नारळ आपल्याकडे सोलूनच येतो, तिथे फसगत होते. झाडावरच्या नारळाची गुळगुळीत साल, मग काथ्याचा थर, मग करवंटी: झाले तीन थर. खोबरं आणि पाणी बीतलं. करवंटीचे तीन डोळे ही अंडाशयाच्या तीन कप्प्यांची खूण. कोंब येतो तो एकाच, मऊ डोळ्यातून.

गोदाकाठ:
ताईंनी सगळं सांगितलंच आहे. बदामही लिहायला सांगा. त्याचा गर झाडावरच वाळून फाटतो, आपण कवच फोडून आतली बी खातो. चारोळीसुद्धा अशीच आठळी फोडून काढलेली बी.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. खारकेची बी बत्त्याला दाद देईना, शेवटी पक्कडीत धरून करवतीनं आडवी चिरली. आत भरीव, सुटी बी वगैरे काही नाही. पटलं. बोर फोडताना ओट्याचा टवका उडाला, त्यावर घरात स्वतंत्र चर्चा चालू आहे.

नारळ, बदाम, चारोळी तक्त्यात गेले. आता लेक विचारतेय, जांभूळ कुठल्या रकान्यात?