सुप्याजवळच्या माळावर वन्यजीवांसाठी तळे : सल्ला हवा

माळकर: बारामती तालुक्यात सुप्याजवळ आमची ४ एकर मुरमाड, पडीक जमीन आहे. मयूरेश्वर अभयारण्य जवळ असल्याने चिंकारा आणि कोल्हे बांधापर्यंत येतात. त्यांच्यासाठी लहानसे तळे करावयाचे आहे. खर्चाची मर्यादा ६० हजार असून कुंपण घालायचे नाही. मुरमात पाणी कसे टिकवावे?

बागायतदार: ६० हजारांत काहीही होणार नाही. मी ३० मीटर लांब-रुंद शेततळे घेऊन ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला, भोवती तारेचे कुंपण घातले आणि आज भर उन्हाळ्यात त्यात दीड पुरुष पाणी आहे. साडेतीन लाख गेले, पण कटकट मिटली.

रानवाट: हा सल्ला डाळिंबासाठी योग्य, प्राण्यांसाठी घातक आहे. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. आमच्या शेजारच्या तळ्यात कोल्ह्याचे पिल्लू बुडाले, तेव्हा कडेच्या कागदावर पाण्यापासून हातभर उंचीपर्यंत नखांचे ओरखडे होते. कागद घालायचाच असेल, तर कडेने काथ्याची जाळी सोडावी आणि निदान एका बाजूचा उतार १ मीटर खोलीस ४ मीटर इतका मंद ठेवावा.

बागायतदार: म्हणूनच कुंपण घाला म्हटले.

रानवाट: मग चिंकारा पाणी कोठून पिणार?

हिरवाई: तळ्याभोवती करंज, जांभूळ, उंबर लावावेत आणि लवकर सावली हवी असल्यास ग्लिरिसिडिया.

कुसळी: माळरान म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. चिंकारा आणि धाविक, चंडोल यांसारख्या पक्ष्यांना मोकळे गवत लागते, त्यामुळे झाडांचे खड्डे घेण्याऐवजी पवन्या आणि मारवेल ही गवते राखावीत, बी झडल्यावरच कापणी करावी आणि माळ पेटवू नये.

हिरवाई: झाडे लावण्यास विरोध करणारे निसर्गप्रेमी प्रथमच पाहिले.

गळवाला: डासांसाठी गप्पी सोडा. मी तिलापियाही सोडला आहे, झकास वाढतो.

रानवाट: गप्पी बेडकांची अंडी-पिल्लेही खातात, आणि तिलापिया मूळचा आफ्रिकेतला; पुराच्या पाण्याबरोबर तो ओढ्यात गेला की परत आणता येत नाही.

बांधावरून: पाणी केले की रानडुकरे येणारच. माझ्या मक्याच्या पंचनाम्यासाठी अर्जांवर अर्ज केले, कोणी फिरकले नाही. तळ्याविषयी एवढेच सांगतो, की पाझर तलावातील गाळ आणून वीतभर थर द्यावा आणि तो ओला असतानाच धुम्मसने चोपून घ्यावा. आमचे तळे त्यावरच टिकले.

बागायतदार: गाळ उन्हाने तडकतो. कागदच घाला.

माळकर: सर्वांचे आभार. कागद, गाळ, मासे आणि झाडे यांपैकी काहीही करणार नाही. ओघळीच्या तोंडाशी कमरेइतके खोल, पसरट तळे खणून ते हिवाळ्यात आटू देणार आहे. दरवर्षी आटणाऱ्या पाण्यात मासे तग धरत नाहीत, त्यामुळे बेडूक आणि चतुर यांची पिल्ले वाचतात. उन्हाळ्यासाठी जमिनीलगत सिमेंटचा बशीसारखा उथळ पाणवठा करून तो टँकरने भरेन. जेसीबी सोमवारी येत आहे.

बागायतदार: जानेवारीत कोरडा खड्डा पाहून कागदाची चौकशी कराल, तेव्हा दुकानाचा पत्ता माझ्याकडे आहे.